गोळी स्वस्त, आरोग्य महाग

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हा सारा औषधकंपन्यांचा कावा आहे; दुसरे म्हणते, गोळी घेतली की हृदयविकाराचा प्रश्न सुटला. दोन्ही मते वस्तुस्थितीला सोडून आहेत.

जपानी संशोधक अकिरा एन्डो यांनी १९७३ साली बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षांच्या उपचारानंतर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. ज्यास एकदा झटका येऊन गेला, त्याच्यासाठी हे औषध चैन नव्हे, गरज होय. निरोगी व्यक्तीस मात्र त्याचा लाभ तिच्या मूळ धोक्याच्या मानानेच होतो. बाजाराचे गणित उलटे आहे: ज्याची गरज कमी पण ऐपत अधिक, तोच उत्तम गिऱ्हाईक.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधांबाबत केवळ प्रक्रियेवरील मक्तेदारी मान्य केली. २००५ पर्यंत टिकलेल्या त्या तरतुदीच्या आधारे देशी औषधउद्योग उभा राहिला. लिपिटॉर या नावाने २००६ साली जगात सुमारे १,३०० कोटी डॉलरांना विकले गेलेले अटोरव्हास्टॅटिन येथे अनेक कंपन्या स्वस्तात बनवितात. ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. तरीही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा देशांच्या ‘प्युअर’ पाहणीत काय दिसले? हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ६६.५ टक्के लोक स्टॅटिन घेत होते. भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात अवघे ३.३ टक्के!

हे औषध रोज, आजन्म घ्यावयाचे असते. रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या मजुरास गोळीपेक्षा तेथवरची वाट महाग पडते. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. घरी परतल्यावर पंधरा दिवसांपलीकडील औषधांचा भार रुग्णावरच पडतो.

आणि गोळी हा प्रतिबंधाचा एक भाग झाला. फिनलंडच्या उत्तर कारेलियात १९७२ पासून आहार, तंबाखू व रक्तदाब यांविरुद्ध सार्वजनिक मोहीम चालली. कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यातील बरीचशी घट ही औषधे प्रचारात येण्यापूर्वीच झाली होती.

झटका येऊन गेलेल्या प्रत्येकास गावाच्या उपकेंद्रात महिन्याची गोळी विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि झटका येऊच नये म्हणून तंबाखू व निकृष्ट तेलतुपाच्या व्यापारास शासनाने वेसण घातली पाहिजे. यांतील एक मागणी दुसरीचा पर्याय म्हणून पुढे करणे ही श्रमिकांची फसवणूक ठरेल.