माल खुला, मार्का मात्र मालकाचा

कापड असो, अत्तर असो की चामड्याची वस्तू, गिऱ्हाईक आधी मार्का पाहते आणि मग मालाला हात लावते. हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना सांगायला नको. परंतु माल फुकट वाटणाऱ्यांनाही मार्क्याची राखण करावी लागते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

संगणकाच्या जगात ‘ओपन सोर्स’ नावाची रीत आहे. प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, पुढे वाटावा. मग त्याचे नाव, चिन्ह व जाहिरातीचे फलकही तसेच खुले असावेत काय? आमचे स्पष्ट मत आहे की, नसावेत.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ‘लिनक्स’ सुरू केले व ते सर्वांना मोकळे केले. नाव नोंदविण्याचे मात्र राहून गेले. १९९४ साली अमेरिकेतील एका तिऱ्हाइताने ते स्वतःसाठी नोंदविण्याचा अर्ज केला. पुढे तो नावाच्या वापराबद्दल कंपन्यांकडे पैसे मागू लागला. वकील लावावे लागले. १९९७ साली तडजोड होऊन नाव टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याच्या खाती, असा हा प्रकार.

चिन्हाची ताकदही पाहा. ‘फायरफॉक्स’च्या चाहत्यांनी २००४ साली त्याची छोटी फलक-चित्रे आपापल्या वेबसाइटवर लावली. त्यांच्याच वर्गणीतून १६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात झळकली. चिन्ह सर्वत्र एकच होते, म्हणून ते लोकांच्या ध्यानी राहिले.

पण फार आवळले तर दोरी तुटते. फायरफॉक्सचे चिन्ह खुले नाही म्हणून ‘डेबियन’वाले ते वगळून नुसते नाव वापरीत. २००६ साली मोझिलाने बजावले की, नाव हवे तर चिन्हही घ्या आणि बदल आम्हाला दाखवून करा. डेबियनने नावच बदलून ‘आइसवीझल’ ठेवले. हा दुरावा २०१६ पर्यंत चालला.

डेबियनची स्वतःची तोड आम्हाला पसंत आहे. त्यांची चिन्हे दोन. नुसता लाल भोवरा सर्वांना वापरण्यास खुला. जादूच्या बाटलीतून भोवरा निघतो ते चिन्ह मात्र संस्थेच्या अधिकृत कामासाठी राखीव. प्रचारही होतो आणि पतही राहते.

आपल्याकडे अनेक ठिकाणी मार्क्याचा मूळ नमुना छापखान्यात पडलेला असतो, आणि भावाभावांत वाटणी झाली की एकाच मार्क्याची दोन दुकाने उभी राहतात. म्हणून आमची विनंती अशी: मूळ चित्र स्वतःजवळ ठेवा. रंग व मापे ठरवून द्या. दुकानदाराने फलकावर आपला मार्का कसा लावावा, हे लेखी द्या. भागीदारीच्या कागदात मार्का कोणाचा, ते लिहा. आणि नोंदणी करा. ती दहा वर्षांसाठी मिळते, पुढे वाढविता येते व लहान उद्योगांना फीही कमी पडते.

माल कोणाला द्यावा, किती द्यावा, ही आपली मर्जी. पण मार्का म्हणजे आपली जबान आहे. ती दुसऱ्याच्या तोंडी जाऊ देऊ नये.