‘या आठवड्यातलं आवडतं’ आणि आपले सतरा नियम



आजचा विषय स्वाध्यायात येत नाही, पण स्वाध्याय संपून सतरंजी गुंडाळताना हमखास येतो. आजकालच्या मुली, त्यांची खरेदी, तोंडाला लावायच्या त्यांच्या डब्या-बाटल्या आणि रात्री जागून बघायच्या मालिका. या विषयावर आपल्यात सगळ्यांचं एकमत असतं. माझं थोडं वेगळं मत आहे, ते आज मांडते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी पुण्यात नोकरी करते. आमच्या घरातल्या बायकांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यावर ती दर रविवारी रात्री एक छोटी यादी टाकते, ‘या आठवड्यातलं माझं आवडतं’. यादीत तीनच मथळे: खरेदी, सौंदर्य, टीव्ही. प्रत्येकाखाली एखाद-दोन वस्तू आणि त्या का आवडल्या याच्या दोन ओळी. एका आठवड्यात हातमागाचा सुती कुर्ता, ओठांना लावायचा लिप बाम आणि ‘पंचायत’चे राहिलेले भाग. दुसऱ्या आठवड्यात डबा न्यायची पिशवी आणि ‘क्रीम महाग होतं, काही उपयोग झाला नाही, घेऊ नका’ असा इशारा.

तिच्यासारख्या मुली घरोघरी आहेत. म्हणून आमच्या महिला मंडळात सूचना आली की यंदा दशलक्षण पर्वात मुलींसाठी ‘फॅशन, मोबाइल आणि संस्कारांचा ऱ्हास’ यावर कुणाचं तरी व्याख्यान ठेवू. मी त्याला विरोध केला. तो का, ते सांगते.

ती यादी मी दर आठवड्याला वाचते, आणि वाचताना मला आपले सतरा नियम आठवतात. रोज सकाळी श्रावक-श्राविकेनं आजच्या दिवसापुरती मर्यादा ठरवायची असते. त्यात भोजन, षड्रस, पान यांच्याबरोबर कुंकुमादी विलेपन आहे, भूषण आहे, वस्त्र आहे, गीत आणि नृत्य आहे आणि शेवटी वस्तुसंख्याही आहे. श्वेतांबर मैत्रिणींच्या चौदा नियमांतही विलेपन आणि वस्त्र आहेच. म्हणजे सौंदर्य, खरेदी आणि करमणूक हे तिन्ही विषय आपल्या आचार्यांनी गृहस्थांच्या यादीत स्वतःहून घातलेले आहेत. मुनींना ते लागू नाहीत, कारण त्यांनी ते सोडलेलेच आहेत. गृहस्थ नटणार, नेसणार, गाणं ऐकणार हे धरूनच नियम केले. त्यांनी ‘हे करू नको’ म्हटलं नाही, ‘किती ते आधी ठरव’ म्हटलं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत सांगताना दोन शब्द वेगळे केले आहेत. एकदा वापरला की संपला तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कॉलेजातला महसुली खर्च आणि भांडवली खर्च आठवला. दोन्ही खर्चच, पण वहीत जागा वेगळी. त्या जागा एक झाल्या की नफा-तोटा कळेनासा होतो.

मुलींना हिशेब शिकवायचा तर तो असा शिकवावा. अठराशे रुपयांचा कुर्ता साठ वेळा घातला तर एका वेळेचे तीस रुपये पडले. सहाशे रुपयांची लिपस्टिक दहा वेळा लावून कपाटात वाळली तर एका वेळेचे साठ रुपये पडले. महाग कुर्ता स्वस्त पडला आणि स्वस्त लिपस्टिक महाग. शिवाय प्रसाधनाच्या डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढ्या महिन्यांत ती वस्तू वापरून संपवायची. म्हणजे चार लिपस्टिक एकदम उघडणाऱ्या मुलीनं त्यातल्या दोन-तीन तरी फेकायलाच घेतल्या. हे सांगायला संस्कारांचा ऱ्हास वगैरे मोठे शब्द लागत नाहीत.

आता सौंदर्याचं. आपण ‘काय ते लाल ओठ’ म्हणतो तेव्हा रंगाकडे बघतो. बघायचं आहे डबीच्या मागच्या बारीक अक्षरांकडे. कारमाइन नावाचा लाल रंग निवडुंगावर वाढणारे किडे वाळवून, कुटून काढतात. एक किलो रंगाला लाखाच्या वर किडे लागतात. डबीवर तो ‘कारमाइन’ किंवा ‘सी.आय. ७५४७०’ असा लिहिलेला असतो, आणि खाण्याच्या पदार्थावर ‘ई १२०’. लिप बाममध्ये बऱ्याचदा मधमाश्यांचं मेण असतं, त्याला ‘बीजवॅक्स’ किंवा ‘सेरा आल्बा’ म्हणतात. आपल्याकडे मद्य-मांस-मधुत्याग हा मूलगुणांतच आहे. मग मध वर्ज्य आणि पोळ्याचं मेण ओठांवर, असं कसं चालेल? लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं, शेलॅक लाखेच्या किड्यापासून, केराटिन बहुधा लोकर, पिसं किंवा शिंगांतून. यातल्या बऱ्याच गोष्टींना वनस्पतीचा पर्याय मिळतो. मेणाच्या जागी ताडवर्गातल्या झाडाच्या पानांचं कार्नोबा मेण वापरलेले लिप बाम बाजारात आहेत.

अजून एक फरक मुलींना माहीत असतो, आपल्याला नसतो. ‘क्रुएल्टी फ्री’ म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. ‘व्हीगन’ म्हणजे आत प्राणिज घटक नाही. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ मध्ये बंदी आली, आणि अशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही त्याच वर्षी. ही चांगलीच गोष्ट झाली. पण आतला किडा किंवा मेण त्या बंदीत येत नाही. ते आपणच वाचायचं.

माझ्या पुतणीनं मेणाचा लिप बाम यादीत टाकला तेव्हा मी तिला एवढंच लिहिलं, “मागची चौथी ओळ वाच गं.” तिनं वाचली. पुढच्या रविवारी यादीत दुसरा लिप बाम होता आणि खाली ओळ होती, “मोठी आई, यात मेण नाही, तपासलं.” व्याख्यानानं हे झालं असतं का? मला शंका आहे.

आणि एक स्पष्ट बोलते, रागावू नका. बस्तीत पूजेला आपण रेशमी साड्या नेसून जातो. एका रेशमी साडीसाठी हजारो कोष आतल्या किड्यासकट उकळत्या पाण्यात जातात. ज्या मुलीला आपण लिपस्टिकबद्दल ऐकवतो, तिनं उलट आपल्या पदराकडे बोट दाखवलं तर आपल्याकडे उत्तर काय? किड्याला बाहेर पडू देऊन मग सूत काढलेलं अहिंसा रेशीम आता मिळतं. चांगली सुती साडीही शोभतेच की. अहिंसेचा नियम लावायचा तर सगळ्या कपाटांना लावूया, मुलींच्या एका कप्प्यालाच नको.

टीव्हीचंही तेच. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून पुढे अकरा-बारा वर्षं चालली, भाग झाले तीन हजारांच्या वर. घराघरांत ती त्या वेळी बघितली गेली आणि सायंकाळची जेवणं तिच्या वेळेवर ठरली. त्या मानानं ‘पंचायत’चा २०२० मधला पहिला सीझन आठ भागांचा. आठ भाग बघून मुलगी उठली तर तिनं आपल्यापेक्षा जास्त मर्यादा पाळली म्हणायची. धोका आहे तो दुसरीकडे. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, थांबायचं की नाही हे विचारलंही जात नाही. आपल्या वेळी मालिका संपली की बातम्या लागायच्या आणि आपण उठायचो. आता उठणं स्वतःच ठरवावं लागतं. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती आहे, मन कलुषित करणारं काही ऐकत बसणं. सुनेच्या दुधात काहीतरी मिसळणारी सासू रोज रात्री बघणं आणि गावातल्या सचिवाची साधी गोष्ट बघणं, यांतली दुःश्रुती कोणती ते तुम्हीच ठरवा.

खरेदीच्या बाबतीत मात्र मुली आपल्यापेक्षा जास्त संकटात आहेत, आणि त्यांना मदत हवी आहे. आपण दुकानात जायचो, भाव करायचो, “उद्या येते” म्हणून बाहेर पडायचो. आता मोबाइलवर ‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’ असं झळकतं. न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत येऊन बसते. ‘नको’ म्हणायचं बटण असं लिहिलेलं असतं की म्हणणारीला लाज वाटावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, हे किती जणींना ठाऊक आहे? फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तसंच, मोठ्या नावाजलेल्या मुली आपली ‘आवडती’ यादी दाखवतात तेव्हा त्यात पैसे घेऊन आवडलेलं किती असतं हे बघावं. तसं असेल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगण्याचा दंडक २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेनं घातला आहे. घरातली मुलगी स्वतःच्या पगारातून घेऊन, वापरून, “उपयोग झाला नाही” असं लिहिते, तिची यादी मला त्यापेक्षा शंभरपट खरी वाटते. ते सत्य आहे आणि थोडं आर्जवही आहे.

म्हणजे माझी काहीच तक्रार नाही का? आहे, एक. तिच्या यादीत सगळी जमाच आहे. दर आठवड्याला तीन-चार वस्तू आल्या. गेलं काय? कोणतीही वही एका बाजूची नसते. रत्नकरंडात या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत भोगलेल्याची पुन्हा पुन्हा आठवण काढणं आहे आणि पुढच्या भोगाची अति तहानही आहे. वस्तू घेण्याच्या आधी आणि नंतर मनात जे चालतं, त्यालाही दोष म्हटलं आहे. मोबाइलच्या टोपलीत महिनाभर ठेवलेल्या वीस वस्तू ही तीच तहान. तेव्हा मी पुतणीला सुचवलं की तीन मथळ्यांखाली आणखी दोन घाल: ‘वापरून संपवलं’ आणि ‘या आठवड्यापुरतं सोडलं’. शास्त्रात ठराविक काळापुरत्या त्यागाला नियम म्हणतात आणि जन्मभराच्या त्यागाला यम. मुलींकडून आपण एकदम यम मागतो आणि नियमसुद्धा गमावून बसतो.

गमावून बसतो म्हणाले, त्याला कारण आहे. गेल्या पर्वात ही मुलगी सुट्टी घेऊन गावी आली होती. बस्तीच्या ओसरीवर आपल्यापैकीच कुणीतरी तिच्या ओठांकडे बघून चार जणींत म्हणालं, “देवाला आलीस की लग्नाला?” ती हसली, दर्शन घेतलं आणि निघाली. त्यानंतर गावी दोनदा आली, पण बस्तीत आली नाही. आईनं विचारलं तर म्हणते, घरीच णमोकार म्हणते. तिचा णमोकार कुठेही खरा आहे, मला माहीत आहे. पण पाठशाळेत तिच्याबरोबर भक्तामर पाठ केलेल्या आठ मुलींपैकी आज बस्तीत किती दिसतात, ते मोजा. आठही जणी फॅशनमुळे गेल्या का? मला वाटतं काही जणी आपल्या बोलण्यानं गेल्या. उद्या वृद्ध डोळ्यांना शास्त्र वाचून दाखवायला, पूजेची थाळी धरायला कोण असणार आहे?

म्हणून मंडळात मी मांडलेला प्रस्ताव असा. व्याख्यान नको. उत्तम त्याग धर्माच्या दिवशी दुपारी तासभर मुली आणि आपण एकत्र बसू. प्रत्येकीनं आपल्याकडची एक प्रसाधनाची डबी आणायची, मग ती लिपस्टिक असो, केसांचा रंग असो की गुडघ्याचं मलम. मुली मागची बारीक अक्षरं वाचतील, कारण आपल्याला ती दिसत नाहीत. आपण सतरा नियमांचा अर्थ सांगू, कारण त्यांना तो कुणी नीट सांगितलेला नाही. शेवटी प्रत्येकीनं, सत्तरीच्या आक्कांपासून सोळाच्या मुलीपर्यंत, एका आठवड्यापुरती एकच गोष्ट सोडायची आणि ती कागदावर लिहायची.

प्रस्तावावर पुढच्या बैठकीत मत घेणार आहेत. तुमच्या गावच्या मंडळातही हा विषय निघेल तेव्हा बोलण्याआधी घरातल्या मुलीला एकदा विचारा, “या आठवड्यात तुला काय आवडलं गं?” उत्तर पूर्ण ऐका. मग आपला नियम सांगा.

जय जिनेंद्र.