आई तुरुंगात, लेकराचे काय?

वर्धा हा गांधीजींचा म्हणून दारूबंदीचा जिल्हा. बंदी सत्तरच्या दशकापासून आहे, मोहाची हातभट्टीही आहे. छाप्यांत बायकाही सापडतात. त्यांच्यापैकी काही जणी स्वतः पिणाऱ्या असतात. बाई आत गेली की बातमी संपते. घरी राहिलेल्या मुलांची बातमी होत नाही.

दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. कोठडीत याला सहज नाटक म्हटले जाते. प्रत्यक्षात ते जिवावर बेतू शकते, आणि वेळेत औषध दिले तर आटोक्यातही येते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. तेव्हाच डॉक्टरांनी किती पिता, शेवटची कधी घेतली, खर्रा खाता का, दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, एवढे विचारायला किती वेळ लागतो? गरोदरपणातली दारू वारेतून गर्भापर्यंत जाते. अशा मुलाची वाढ आणि शिकणे मागे पडू शकते. शाळेत त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसण्याआधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याला तपासलेले बरे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितले, की सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, पण ते कैदी नव्हे. त्याला वेगळा आहार, लसीकरण, पाळणाघर मिळाले पाहिजे. जन्माच्या नोंदीत तुरुंगाचा उल्लेख नको. सहा वर्षांनंतर ते आईच्या इच्छेने नातेवाइकांकडे जाते, नाही तर बालगृहात. बालगृहातल्या मुलाला आठवड्यातून एकदा आईची भेट हवी, असेही निकालात आहे. आजीकडच्या लेकराचे काय? आई नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असेल तर पाऊणशे किलोमीटर, येण्याजाण्याचे भाडे आणि आजीची बुडालेली मजुरी.

घरातले व्यसन आणि घरच्या माणसाचा तुरुंगवास, दोन्ही बालपणीच्या आघातांत मोडतात, अशी मांडणी अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने केली. आघात जितके जास्त, तितका मोठेपणी व्यसनाचा, नैराश्याचा, हृदयविकाराचा धोका जास्त. मात्र हे काही विधिलिखित नव्हे. एक खात्रीचे मोठे माणूस जवळ असले तरी मूल बरेच सावरते. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे आजी किंवा मावशी, आणि तिच्याच हाती पैसा नसतो.

राज्याची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते आणि आईवडील कारागृहात असलेली मुलेही तिच्यात बसतात. पण अर्ज करायचा असतो, हे आजीला कोणी सांगायचे? अटकेच्या वेळी ‘घरी मुले आहेत का, कोणाकडे आहेत’ हे नोंदवून ती माहिती त्याच दिवशी बालकल्याण समितीकडे पाठवली, तर पुढचे काम अंगणवाडीसेविका आणि आशाताईही करू शकतील. सुटकेच्या वेळी बाईच्या हाती व्यसनोपचाराची चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख हवी. नाही तर गावात तिच्यासाठी कामाची ओळखीची जागा म्हणून पुन्हा भट्टीच उरते.