‘मा’ म्हणजे आई की घोडा?

मुलांनो, आज वाचायला बसण्याआधी एक खेळ खेळू. ‘मा’ हे एकच अक्षर चार वेळा मोठ्यानं म्हणायचं. पहिल्यांदा आवाज उंच धरा आणि सरळ लांबवा. दुसऱ्यांदा कुणी हाक मारल्यावर आपण ‘काऽय?’ विचारतो ना, तसा खालून वर न्या. तिसऱ्यांदा आवाज आधी खाली सोडा आणि मग वर ओढा, आडात बादली सोडून ओढतात तसा. चौथ्यांदा वरून खाली धाडकन आपटा. आजी ओरडली तर तिला माझं नाव सांगा.

झालं? आता तुम्ही चिनी भाषेतले चार शब्द बोललात! पहिला आई, दुसरा ताग, तिसरा घोडा आणि चौथा रागावणं. अक्षर एकच, पण सूर बदलला की अर्थ बदलला. म्हणजे कुणाला सांगायला जावं ‘ही माझी आई’ आणि समोरच्यानं इकडेतिकडे घोडा शोधावा!

हा धडा जिथं गिरवला जातो ती जागा पुण्याजवळ आहे. खडकवासला धरणाच्या पाण्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे एनडीए म्हणतात. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. भूदल, नौदल आणि हवाईदल या तिन्हींचे भावी अधिकारी इथं तीन वर्षं एकत्र शिकतात. पहाटेची धाव, कवायत, पोहणं, घोडेस्वारी हे सगळं आपण चित्रात पाहिलेलं असतं. पण तिथं वर्गही भरतात, परीक्षा होतात आणि शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. या अभ्यासातच अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन यांपैकी एखादी परकी भाषा असते. सकाळी घोड्यावर बसायचं आणि दुपारी घोड्याला चिनीत काय म्हणतात ते शिकायचं!

प्रबोधिनीची मुख्य इमारत माहीत आहे? तिचं नाव ‘सुदान ब्लॉक’. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय जवान लढले, कित्येक तिथंच राहिले. त्याची आठवण म्हणून सुदाननं दिलेल्या पैशांतून ती उभी राहिली. सुदानमध्ये अरबी बोलतात. म्हणजे अरबी शिकणारा छात्र ज्या घुमटाखाली वावरतो, तो घुमटच एका अरबी बोलणाऱ्या देशाची भेट आहे.

ही माहिती मी वर्गात सांगत होते, तेव्हा सातवीतली एक मुलगी मध्येच उठली. म्हणाली, “मॅडम, आपल्याला इंग्रजीच धड येईना, मंग चिनी कशी येईन?” सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. आमच्या दुसरबीडच्याच कशाला, कुठल्याही खेड्यातल्या मुलाच्या मनात तो असतोच. परकी भाषा म्हणजे शहरातल्या, मोठ्या फीच्या शाळेतल्या मुलांचं काम, आपलं नाही.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या, त्याच तुम्हालाही सांगते. पहिली थोडी कडू. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण असतात आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. त्या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. तेव्हा इंग्रजीला पाठ दाखवून चालणार नाही. दुसरी गोष्ट गोड आहे. चिनीच्या पहिल्या तासाला मुंबईचा मुलगा आणि बुलढाण्याची मुलगी एकाच रेघेवर उभी असतात. ‘मा’चे चार सूर त्यालाही नवे, तिलाही नवे. उलट मला तर वाटतं, आपल्या पोरांची बाजू थोडी वरचढच असते. घरी वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी, शेजारी उर्दू, तांड्यावरून येणाऱ्या मैत्रिणीची गोरमाटी. दिवसात चार भाषांतून उड्या मारणाऱ्याला पाचवीची भीती का वाटावी?

आणि हो, मुलगी म्हणून कुणी अडवत असेल तर तेही आता राहिलं नाही. २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

आता पाटी उलटी धरू. आपल्याला चिनी परकी, तशी आपली मराठीही कुणाला तरी परकीच ना? १८१२ साली जेम्स थॉमस मोल्सवर्थ नावाचा इंग्रज पोरगा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी करायला भारतात आला. वय वर्षं सोळा! म्हणजे आज एनडीएत जाणाऱ्यांपेक्षाही थोडा लहानच. कंपनीच्या मुंबई फौजेत मराठी शिपाई पुष्कळ. त्यांच्याशी बोलायचं तर मराठी हवी. ज्या अधिकाऱ्याला देशी भाषा येई त्याला दुभाष्याची जागा मिळे. मोल्सवर्थ मराठी शिकला आणि तिच्यात इतका रमला, की सोलापूरला असताना शब्द टिपून ठेवायला लागला. पुढं सरकारनं त्याला कोशाचंच काम दिलं. थॉमस आणि जॉर्ज कॅंडी हे जुळे भाऊ आणि आपले मराठी शास्त्री त्याच्या मदतीला होते. १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी शब्दकोश छापून निघाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांवर गेले. अभ्यासक आजही हा कोश उघडतात. जात्याच्या, नांगराच्या, बैलाच्या जुन्या शब्दांचा अर्थ अडला, की एका फौजी साहेबाच्या कोशात पाहायचं, आहे की नाही गंमत?

त्यातला थॉमस कॅंडी तर तुम्हाला रोज भेटतो. मराठी लिहिताना स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह वापरण्याची पद्धत रुजवण्यात त्याचा मोठा हात होता. तोही मेजर! शुद्धलेखनात पूर्णविराम राहिला म्हणून बाईंनी गुण कापले, तर राग कुणावर काढायचा ते आता कळलं ना?

पण मुलांनो, एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हातात गेला. राज्य चालवायचं, सारा वसूल करायचा, तर लोकांची भाषा कळायलाच हवी होती. त्यासाठीही कंपनीला मराठी येणारे साहेब लागत. भाषा कुलपाच्या किल्लीसारखी असते. ती पाहुण्याच्याही हातात असते आणि घर बळकावणाऱ्याच्याही. त्या मुलीचा पुढचा प्रश्न साहजिक तोच होता, “मंग आपले सैनिक कशासाठी शिकतात?”

याचं उत्तर द्यायला मला कोरियाला जावं लागेल, तुम्हीही चला.

१९५० ते १९५३ कोरियात मोठं युद्ध झालं. जुलै १९५३ मध्ये ते थांबलं, पण एक पेच उरला. युद्धकैद्यांपैकी सुमारे २२ हजार जण म्हणाले, आम्हाला आमच्या देशात परत जायचंच नाही. त्यात निम्म्याहून जास्त चिनी होते. त्यांना सांभाळणार कोण? दोन्ही बाजूंना चालेल असा देश हवा, म्हणून हे काम भारताकडे आलं. जनरल थिमय्या हे त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतावर इतके नाराज होते, की आपल्या जवानांना त्यांच्या जमिनीवर पाय ठेवायची परवानगीच नव्हती. जहाजानं गेलेल्या जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं.

आता विचार करा. तारेच्या कुंपणात हजारो चिडलेले, घाबरलेले कैदी. बाहेर आपले जवान, ज्यांना ना चिनी येई ना कोरियन. हा काय ओरडतोय? शिवी देतोय की पाणी मागतोय? सगळी भिस्त थोड्याशा दुभाष्यांवर. आणि सप्टेंबरमध्ये नको ते झालं. चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून ओलीस धरलं. गोळीबार करून सोडवता आलं असतं का? कदाचित. पण त्या मेजरसह किती माणसं मेली असती कोण जाणे.

थोरात मोजक्या साथीदारांना घेऊन, हातात शस्त्र न घेता त्या गर्दीत शिरले. दुभाष्यामार्फत बोलायला लागले. दरडावणी नाही, हुकूम नाही. पाहुण्याचा मान ठेवायची चिनी माणसाची रीत मोठी असते, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी नेमका तोच धागा पकडला. आपल्याकडे नाही का, दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात? ताण सैल झाला. मेजर सुखरूप बाहेर आले. एक गोळी सुटली नाही. या कामगिरीसाठी थोरातांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला पुढं कीर्ती चक्र म्हणायला लागले.

थोरात चिनीचे पंडित नव्हते. त्यांच्याजवळ दुभाष्या होता आणि समोरच्याच्या रीतीभातीची जाण होती. छात्रांना भाषेबरोबर त्या देशाची माणसं, त्यांचे सण, त्यांचा मानापमान यांची ओळख का हवी, ते मला तरी या प्रसंगावरून जेवढं पटलं तेवढं कशावरूनही पटलं नाही.

ही गरज पुढंही पडत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान काँगोत गेले, तिथं फ्रेंच चालते. १९९८ पासून लेबनॉनमध्ये गेले, तिथं अरबी. लेबनॉनच्या खेड्यांत आपल्या सैन्याचे पशुवैद्य शेतकऱ्यांच्या शेळ्या-गाईंवर उपचार करत. आता शेळी काही बोलत नाही, दुखणं मालकालाच विचारावं लागतं! लडाखमध्ये चुशूलजवळ आणि सिक्कीममध्ये नाथू ला इथं भारत आणि चीनचे अधिकारी समोरासमोर बसतात, तेव्हाही मध्ये भाषा जाणणारा माणूस लागतोच. दुभाष्यानं ‘विनंती’च्या जागी ‘इशारा’ म्हटलं तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

अधिकारी झाल्यावरही हे शिक्षण संपत नाही. दिल्लीत संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा १९४८ पासून आहे. दुसरी जागा पचमढी. होय, आपली माणसं नागद्वारच्या यात्रेला जातात तीच! तिथल्या सेना शिक्षण कोअरच्या महाविद्यालयातही परकी भाषा शिकवतात. शिवाय घरच्या भाषा आहेतच. गुरखा पलटणीत गेलेल्या अधिकाऱ्याला नेपाळी शिकावी लागते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आलेला केरळचा किंवा पंजाबचा तरुण आपल्या जवानांसाठी मराठी शिकतो.

ज्यांना खरंच तिकडं जायचंय त्यांच्यासाठी एक पत्ता: दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाच्या औरंगाबादला) १९७७ पासून आहे. आपल्याला जालन्यावरून सरळ रस्ता. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली.

त्या मुलीनं जाता जाता मला विचारलं, “मॅडम, चारीतली सोपी कोणती?” मी म्हटलं, रशियनमध्ये दोनला ‘द्वा’, तीनला ‘त्री’, चारला ‘चेतीरे’ म्हणतात, ऐकल्यासारखं वाटतं की नाही? आणि अरबी तर तुझ्या घरात आहे. तारीख, हिशेब, वकील, अर्ज, मालक, किल्ला, इतकंच काय पण ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ हे शब्दसुद्धा मूळ अरबीच. आपण ‘सिंदखेडराजा तालुका, बुलढाणा जिल्हा’ असा पत्ता लिहितो, त्यात दोन शब्द अरबी!

तर या आठवड्याचं काम. घरातला सातबारा, जुनं खरेदीखत किंवा तहसीलची एखादी नोटीस वडिलांना विचारून काढा. त्यातले अरबी असावेत असे वाटणारे पाच शब्द शोधा. ‘हिस्सा’ हा मी फुकट देऊन टाकते. उरलेले चार तुम्ही पत्रानं कळवा. आणि हो, पत्र लिहिताना मेजर कॅंडींचा पूर्णविराम विसरू नका!