दिव्यांगांचे अनुदान वाढले, एकटेपणाचे काय?

राज्य सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे दरमहा अर्थसाहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही वाढ लागू झाली. मलकापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात महिन्याला हजार रुपये जास्त येणे म्हणजे औषधे, डायपर किंवा दवाखान्यात जाण्याच्या रिक्षाचे भाडे सुटणे. ही वाढ गरजेचीच होती.

पण पैसे थेट बँक खात्यात जमा होतात आणि यूडीआयडी कार्ड घरी येते. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो माणूस मात्र वर्षानुवर्षे घरच्या चार भिंतींतच राहू शकतो. त्याला भेटायला कोण येते, तो कोणाकडे जातो, हे कुठल्याही अर्जात विचारले जात नाही. डॉक्टरांनी आणि कुटुंबाने मात्र ते विचारायला हवे.

एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न का आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये सामाजिक नात्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि दर तासाला सुमारे १०० मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. एकटेपणामुळे नैराश्य, हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहाचा धोका वाढतो. दिव्यांग व्यक्तींना हा धोका अधिक असल्याचे अहवालात म्हटले आहे.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. माणूस बाहेर पडला नाही की हालचाल कमी होते, झोप बिघडते, जेवणाच्या वेळा चुकतात. बोलायला कोणी नसले की दुखणे जास्त जाणवते आणि औषध घेण्याचा कंटाळा येतो. त्यामुळे तब्येत आणखी ढासळते आणि बाहेर पडणे आणखी अवघड होते.

‘त्याला आवडत नाही’ म्हणण्याआधी

“त्याला कोणात मिसळायलाच आवडत नाही,” असे घरचे लोक सांगतात. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते आणि त्यावर उपाय असतो.

मणक्याला मार लागलेल्या व्यक्तीला चारचौघांत लघवी किंवा शौच होण्याची भीती वाटते. म्हणून बाहेर जायचे असले की काही जण पाणी पिणेच बंद करतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि खडे होण्याचा धोका वाढतो. ठरलेल्या वेळी नळीने लघवी काढणे आणि रोज एकाच वेळी शौचाला बसण्याची सवय लावणे, हे डॉक्टरांकडून शिकून घेता येते. ही भीती गेली की लग्नाला, बाजाराला जाणे शक्य होते.

पक्षाघातानंतर काहींना समजते सगळे, पण शब्द सापडत नाहीत. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. हो-नाही उत्तर देता येईल असा प्रश्न विचारून थोडे थांबावे. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या घरात आई एकटीच खुणांची भाषा शिकली असेल, तर त्या मुलाला भरल्या घरातही एकटे वाटते. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलाची शाळा अठराव्या वर्षाच्या सुमारास संपते आणि शाळेबरोबर मित्रही तुटतात. त्यानंतरचा दिवस कसा जाणार, याचा विचार शाळा सुटण्याआधीच करायला हवा.

सुरुवात एका ओळखीपासून

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या शरीराचा कमरेखालचा भाग सोळाव्या वर्षी लुळा पडला. त्या निराशेत असताना त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. तेही तसेच दिव्यांग होते, पण व्यवसाय करत होते आणि स्वतः गाडी चालवत होते. या ओळखीने नसीमाताईंच्या आयुष्याला वळण मिळाले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास लिहिला आहे.

डॉक्टरांच्या दहा सल्ल्यांनी जे होत नाही, ते आपल्यासारखाच त्रास असलेला आणि तरी संसार, कामधंदा सांभाळणारा माणूस भेटला की घडू शकते. असा माणूस शोधायला दूर जायची गरज नसते. प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात तालुक्यातले अनेक जण एका रांगेत बसलेले असतात. शिक्का मिळाला की सगळे पांगतात. त्या रांगेत दोन जणांचे फोन नंबर घ्या.

पुढची पायरी गटाची. ग्रामीण भागात उमेद अभियानातून दिव्यांगांचा वेगळा बचत गट करता येतो. साध्या गटाला किमान १० महिला लागतात; दिव्यांगांच्या गटाला ५ जण पुरतात आणि त्यात पुरुषही चालतात. चौकशी पंचायत समितीत करा. बचत थोडी असली तरी ठरलेल्या दिवशी एकत्र बसण्याचे कारण मिळते, आणि तेच महत्त्वाचे आहे.

नगर परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा निधी वैयक्तिक वाटपातच संपावा असे नाही. वाचनालयाला उतार, सभागृहाला वापरता येईल असे स्वच्छतागृह, अशी मागणी गटाने मिळून केली तर तिला वजन येते. सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला सांगितले आहे.

प्रवासाचा खर्चही कमी करता येतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही ठरावीक प्रकारच्या दिव्यांगतेसाठी सवलत मिळते आणि गरज असल्यास सोबतच्या व्यक्तीलाही मिळते. मलकापूर मुख्य रेल्वेमार्गावर असल्याने नांदुरा किंवा शेगावच्या मित्राकडे जाऊन संध्याकाळी परतणे अनेकांना जमू शकेल.

घरच्यांसाठी

- आठवड्यातून एक दिवस बाहेर जाण्यासाठी ठरवा. तो दवाखान्याचा दिवस नसावा.
- लग्न, बारसे, सप्ताह यांचे आमंत्रण आले तर “तुला त्रास होईल” असे म्हणून परस्पर निर्णय घेऊ नका. आधी त्यांना विचारा.
- पाहुण्यांनी तब्येतीची चौकशी तुमच्याकडे केली, तर “त्यांनाच विचारा” असे सांगा.
- घरात जमेल असे एक काम त्यांच्याकडे सोपवा: हिशेब, फोन करणे, भाजी निवडणे, नातवंडांचा अभ्यास.
- फोनवरचे गट उपयोगी आहेत. मात्र महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष भेट व्हावी.

डॉक्टरांना कधी भेटावे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक कमी झाली असेल, तर हे ‘अपंगत्वामुळे असणारच’ असे समजू नका. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते दिव्यांग व्यक्तींनाही लागू पडतात. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते.