आराखड्याची झेरॉक्स

विशेष मुलांसाठीच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याला विरोध करणाऱ्यांचे आवडते पालुपद असे: हे अमेरिकेचे खूळ आहे, तिकडे पैसा आहे, आपल्याकडे हे चालायचे नाही. अमेरिकेने १९७५च्या कायद्याने असा आराखडा सक्तीचा केला हे खरे. पण त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलण्याचे वचन तिथल्या केंद्र सरकारने आजवर एकदाही पुरते पाळलेले नाही. थैली भरेपर्यंत तिथल्या शाळा थांबल्या असत्या, तर अजून थांबलेल्याच असत्या.

शिवाय हे सारे परदेशी कुठे आहे? मद्रासमध्ये सत्तरच्या दशकात बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी एक मापनपद्धती तयार झाली. तिच्यात १८ क्षेत्रे आहेत, प्रत्येकात २० कौशल्ये, म्हणजे एकूण ३६०. जेवण, कपडे घालणे, पैसे, वेळ असे रोजचेच विषय. तिचा खरा गुण मांडणीत आहे. मुलाला काय येत नाही याचा पाढा न वाचता ती येणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते. देशभरातले विशेष शिक्षक आपल्या प्रशिक्षणात ती शिकतात. महाराष्ट्रातही जय वकील फाउंडेशन आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय यांच्या ‘दिशा अभियाना’ने विशेष शाळांत वैयक्तिक आराखड्यांची घडी बसवायला घेतली आहे.

दुसरा आक्षेप कागदी घोड्यांचा. तो खोटा म्हणता येत नाही. अनेक फायलींत मागच्या वर्षीचीच उद्दिष्टे, फक्त तारीख नवी. पण या रोगावर आराखडाच बंद करणे हा उपाय कसा ठरेल?

कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या पालकांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. वर्षानुवर्षे त्याच्या आराखड्यात जवळजवळ तीच उद्दिष्टे उतरत होती. चौथीनंतर त्यांनी मुलाला खासगी शाळेत घातले, तिथे तो पुढे सरकला, आणि त्यांनी फीची भरपाई मागितली. खालच्या न्यायालयांचे म्हणणे, शून्यापेक्षा जरा जास्त लाभ झाला की शाळेचे कर्तव्य संपले. मार्च २०१७ मध्ये ‘एंड्र्यू एफ.’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकष फेटाळला: मुलाची परिस्थिती लक्षात घेता योग्य प्रगती होईल, असाच आराखडा हवा. पालकांच्या हाती जुने आणि नवे आराखडे नसते, तर ही झेरॉक्स न्यायालयात दाखवता आली असती का?

तिसरी शंका मात्र गंभीर आहे. वेगळी उद्दिष्टे म्हणजे कमी अपेक्षा, असा धोका खराच असतो. चौदा वर्षांच्या मुलीला अजून ‘रंग ओळखणे’ हेच उद्दिष्ट लिहिलेले असेल, तर तो आराखडा तिला बालवाडीत अडकवून ठेवतो. पण याचा दोष उद्दिष्ट लिहिणाऱ्याकडे जातो. ‘गणितात सुधारणा’ लिहिणे सोपे, कारण ते कधी चुकत नाही. ‘डिसेंबरपर्यंत दहा-वीसच्या नोटा ओळखून किराणा दुकानातून दोन वस्तू आणेल, पाचपैकी चार वेळा’ असे लिहिले की शिक्षकाला शिकवावे लागते, आईला मुलीला दुकानात पाठवावे लागते आणि जानेवारीत कुणालातरी जाब द्यावा लागतो. कितव्या इयत्तेचे पुस्तक समोर आहे, याहून हे तपासणे अवघड आहे, आणि म्हणूनच ते टाळले जाते.

खरी अडचण माणसांची आहे, आणि आराखड्याचे विरोधक नेमके तिथे गप्प असतात. २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवायला सांगितले. त्यानंतर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी पंधरांमागे एक असे प्रमाण आले. तरी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना मंजूर पदे जाहीर करायला पुन्हा बजावावे लागले. एक फिरता शिक्षक आठवड्याला शाळा बदलत हिंडत असेल, तर आराखड्यातले तास भरणार कोण? त्यामुळे जूनमध्ये पालकांपुढे सहीसाठी कागद सरकवला जाईल, तेव्हा त्यांनी उद्दिष्टांच्या आधी तासांचा रकाना पाहावा, त्यासमोर शिक्षकाचे नाव विचारावे आणि तो रकाना रिकामा असेल तर सही न करता कागद मुख्याध्यापकांकडे परत पाठवावा.