नव्या गाडीवरचा लेप

बेल्लमपल्लीहून आमच्या एका वाचक गृहस्थांचे पत्र आले आहे. बल्लारपूरहून काझीपेटकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव सिंगरेणीच्या कोळशावर वाढले. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली जिल्ह्यांची नवी रचना झाली तेव्हापासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. आमचे हे वाचक खाणीतून निवृत्त झाले आहेत. ग्रॅच्युइटीच्या रकमेतील काही भाग व बाकीचे कर्ज असे करून त्यांनी घरासाठी पहिलीच मोटारगाडी नोंदविली. ती ताब्यात येण्याच्या आठवड्यात शोरूममधील तरुणाने त्यांच्यापुढे आणखी एक कागद ठेवला : बाहेरच्या रंगाला संरक्षक लेप, आतल्या आसनांना संरक्षक फवारा, मिळून २०,००० रुपये. “तुमच्या गावी कोळशाची धूळ फार; लेप नसेल तर दोन वर्षांत रंग खाऊन जाईल,” असे तो म्हणाला. गृहिणीचे म्हणणे असे की, जूनमध्ये मुलीच्या परिचारिका-शिक्षणाची फी भरावयाची आहे, ती आधी. पती म्हणतात, आयुष्यात एकदाच घ्यावयाची वस्तू, तिची हेळसांड का करावी? दोघांनी मिळून आमचे मत विचारले आहे.

प्रथम आम्ही हे सांगू इच्छितो की, दोघांच्याही मनातील भावना योग्यच आहेत. वस्तूची काळजी घेणे हा सद्गुणच होय. परंतु काळजी निराळी आणि भय निराळे. आणि पेढीवर पुष्कळदा भयच काळजीचे नाव घेऊन विकले जाते.

कारखान्यातून निघालेली गाडी उघड्या अंगाने येत नाही. तिचा पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग तिचा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसविला जातो. त्यावर अस्तर, मग रंग, आणि शेवटी एक पारदर्शक थर. हे थर मोठ्या भट्ट्यांत भाजून पक्के करतात. सगळे मिळून होतात सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडे अधिक. ऊन, पाऊस व धूळ सोसण्यासाठी जो थर आहे तो हा पारदर्शक थरच; आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीत आपण आधीच मोजलेली असते.

आता शोरूममधील लेपाकडे वळू. काही ठिकाणी अजून ‘टेफ्लॉन’चे नाव घेतात. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली सापडला, आणि त्याचा मुख्य गुणच असा की त्याला काही चिकटत नाही. तव्यावर तो बसवावयाचा तर तवा ३०० अंशांहून अधिक तापवावा लागतो. रंगविलेली मोटार कोण इतकी तापवील? म्हणून त्या नावाने जे चोळतात ते बहुतांशी चांगले पॉलिशच असते. काही महिने चमकते आणि धुण्याबरोबर निघून जाते.

‘सिरॅमिक’ लेपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो खोटा नव्हे. नीट बसविला तर त्यावर पाणी थांबत नाही, मळ सहज निघतो आणि चमक टिकते. परंतु त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच असते. खडा उडाला वा दारावर दुसऱ्या गाडीचे दार आपटले तर तो काय अडविणार? ‘नऊ एच’ कठीणपणा म्हणून जे सांगतात ते पेन्सिलीच्या शिशाचे माप आहे, दगडाचे नव्हे. शिवाय त्याचे खरे श्रम लेपाआधीच असतात : गाडी धुणे, चिकटलेले कण काढणे, बारीक ओरखडे घासून घालविणे. या कामाला चांगल्या कारागिरालाही एक-दोन दिवस लागतात. गाडी द्यावयाच्या सकाळी तासाभरात जे उरकले जाते, ते नावाने एकच असले तरी कामाने एक नव्हे.

खडे थोपवावयाचेच असतील, तर पारदर्शक प्लास्टिकची जाड फिल्म मिळते. ती खरोखरच थोपविते, परंतु तिची किंमत फार मोठी. आसनांविषयी म्हणाल, तर रेक्झिनची आसने ओल्या फडक्याने पुसली की झाले. कापडी आसनांना फवारा हवाच असेल, तर तसा डबा बाजारात काही शे रुपयांत मिळतो.

आता कोळशाच्या धुळीचे भय. धूळ रंग खात नाही. ती कोरड्या फडक्याने पुसली म्हणजे ओरखडे काढते. दमट हवेत महिनोन् महिने साचू दिली तर डाग पाडते. यावर उपाय लेप नव्हे, पाणी होय. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य शाम्पू व मऊ फडके घ्यावे. कपड्यांचा साबण वर्ज्य करावा. पक्ष्यांची घाण उन्हात वाळण्यापूर्वीच भिजवून काढावी. मे महिन्याच्या त्या रखरखीत उन्हात गाडी सावलीत ठेवावी, आणि वर्षातून दोन-तीनदा साधे मेण लावावे. लेप असलेल्या गाडीलाही यांतले बहुतेक चुकत नाही.

पैशाचाही हिशेब पाहावा. २०,००० रुपये कर्जात मिळविले, व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर दरमहा ४२० रुपये जातील. एकूण २५,२०० रुपये. चमक जाईल, हप्ता राहील.

कुणी म्हणेल, लेपासोबत पाच वर्षांची हमी आहे ना! त्या हमीचा कागद घरी आणून दिव्याखाली वाचावा. ओरखडे, खड्यांचे टवके, वेळेवर न पुसलेली घाण हे सर्व तीतून वगळलेले नाही ना? दरवर्षी पैसे भरून तपासणी करण्याची अट आहे काय? हमी कोणाची, कारखान्याची की लेपवाल्याची? ज्याची उत्तरे लेखी मिळत नाहीत ते विकत घेऊ नये.

आणि लेप घेतल्याखेरीज गाडी मिळणार नाही असे कोणी म्हटले, तर भिऊ नये. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची सक्ती करणे हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निर्बंधात्मक व्यापारप्रथेत धरले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो नम्रपणे उच्चारला तरी पुष्कळदा काम होते. त्या तरुणावरही रागावू नये. त्यालाही महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते आणि त्याचेही घर असते. “आभारी आहोत, नको,” एवढेच म्हणावे.

तेव्हा आमच्या बेल्लमपल्लीच्या बंधूंना आमचे उत्तर असे : लेप घेऊ नका. पुढे गाडी वर्षानुवर्षे ठेवावयाची ठरली आणि हाती पैसा शिल्लक असला, तर ओळखीच्या चांगल्या कारागिराकडून सवडीने लेप करून घ्या. ती हौस म्हणून, भीतीपोटी नव्हे. गाडी आणाल तेव्हा एक बादली, सौम्य शाम्पू आणि दोन मऊ फडकी घरी असू द्या. रविवारी सकाळी मुलांना सोबत घेऊन ती धुवा. दहा वर्षांनी गाडीवर दोन ओरखडे असतील. तोपर्यंत जूनमध्ये जिची फी वेळेवर भरली गेली ती मुलगी रुग्णांच्या उशाशी उभी असेल. या दोहोंत जपावयाचे काय, हे आपल्या गृहिणीने आमच्या आधीच ओळखले आहे.